अंगणातला हॉर्न

कडाव, ता. कर्जत
१८ डिसेंबर

चि. दशरथ भावोजींस शकूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल म्हणण्यासारखं फारसं काही नसलं तरी अंथरुणाला कुणी खिळलेलं नाही, एवढं खरं. आबाजींचा खोकला थंडीबरोबर येतो तसा आला आहे. खोकतात आणि वर मलाच दटावतात की घरात मिरची परतू नको म्हणून. तुमच्या दादांनी यंदा भात लवकर झोडून घेतलं, खाचरात वाल पेरले, ते छान वर आलेत. तुमच्याकडे शेलूला थंडी कितपत? तिथल्या नव्या इमारतींच्या गेटवर तुम्हाला रात्रपाळी आहे आणि ती तुम्ही मागून घेतलीत, असं झाकीरभाई सांगत होते. का मागून घेतलीत ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रात्री सामानाचे टेंपो येत नाहीत, एवढं मला कळतं.

फोनच केला असता. पण तुमचा जुना नंबर बंद, आणि नवा झाकीरभाई देत नाहीत. तुम्ही शपथ घातली आहे म्हणे. मग म्हटलं कागदावर लिहू, कागदाला शपथ लागू नाही. बारावीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही मी, तेव्हा अक्षराला हसू नका.

मध्ये माहेरी चौकला गेले होते, तेव्हा झाकीरभाईंच्या गॅरेजात डोकावले. तुमचा टेंपो मागच्या भिंतीशी उभा आहे, ताडपत्री घालून. बॅटरी उतरू नये म्हणून ते अधूनमधून सुरू करतात. गिऱ्हाइकं आली तर "मालक गावाला गेलाय" सांगून परत पाठवतात. बरा माणूस आहे.

असो. पत्राचं कारण म्हैस आहे.

मथुरा गेल्या महिन्यात व्याली. पारडी झाली होती, कपाळावर पांढरा ठिपका, पण जगली नाही. आबाजींनी जुन्या रीतीने तिच्या कातड्यात पेंढा भरला आणि मथुरेपुढे उभी केली. मला ते बघवत नव्हतं. मथुरा काही दिवस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. मग एका सकाळी तिने नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं, ते फिरवलंच. आता कासेला हात लावला की लाथ मारते. दादांनी कुठून तरी पान्ह्याच्या इंजेक्शनची बाटली आणली, ती मी उकिरड्यात पुरली. त्यावरून घरात अबोला. आबाजींचं म्हणणं, नाहीतर विकून टाका. तसं मुरबाडच्या बाजारात गिऱ्हाईक मिळेलही, पण मला ती विकायची नाही. का ते विचारू नका. या घरात जुनं असं तेवढंच उरलं आहे.

तुम्ही असताना ही म्हैस कधी अडली नाही. संध्याकाळी पेंडीची पोती घेऊन तुम्ही रस्त्यावरून उलटे आत यायचात, गल्ली अरुंद आणि आत वळवायला जागा नाही म्हणून. रिव्हर्सचा हॉर्न सुरू झाला की मथुरा दाव्याला हिसके द्यायची. पोतं खाली उतरायच्या आधी तिच्या सडांतून दूध ठिबकायला लागायचं. "पेंडीनं नाय, पोराच्या भोंग्यानं दूध देतेय ही," म्हणून आबाजी शेजारपाजारी कौतुक सांगायचे. आपली रिया गेली त्या दिवसापासून त्यांचा हुकूम आहे की अंगणात भोंगा वाजता कामा नये. पेंडवाला टेंपो रस्त्यावरच थांबवतो. पोती दादा डोक्यावरून आणतात आणि रात्री मानेला तेल चोळून घेतात.

गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी फार्महाऊसच्या लाद्या घेऊन एक टेंपो वाट चुकला आणि वळवायला म्हणून आपल्या अंगणात उलटा शिरला. तोच हॉर्न. सगळ्या बाजारात ती एकच चाल मिळते की काय, देव जाणे. आबाजी ओट्यावर सूप घेऊन बसले होते. ते सूप टाकून, कान दाबून मटकन खाली बसले. दादा शेताकडून धावत आले आणि त्यांनी ड्रायव्हरला ओढून बाहेर काढलं. त्या बिचाऱ्याला कळेना आपला गुन्हा काय. शेजाऱ्यांनी सोडवलं.

मी गोठ्याच्या दारात होते. मथुरेने मान वर केली, कान टवकारले, आणि दुधाच्या धारा आपोआप खाली मातीत पडू लागल्या. मी बादली घेतली आणि बसले. बाहेर आरडाओरडा चालला होता आणि मी धार काढत होते. बादली फेसाने भरली.

दादा गोठ्यापाशी आले. त्यांचा श्वास लागला होता. माझ्याकडे, बादलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शकू, तुला काय वाटत नाय का गं?"

मी हात चालू ठेवले, मध्येच थांबलं तर म्हैस आखडते.

तर मागणं एवढंच. आबाजींच्या सांगण्यावरून झाकीरभाईंनी टेंपोचा हॉर्न काढला होता, पण तुम्ही तो त्यांना फेकू दिला नाहीत, स्वतःकडे ठेवलात, असं कळलं. तो मला पाठवा. म्हशीसाठी पाहिजे. दुसरं काही कारण नाही.

उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

तुमची
शकूवहिनी

—

कडाव
२७ जानेवारी

दशरथ भावोजी,

आशीर्वाद या वेळी खाली लिहिते. आधी बाकीचं लिहून होऊ दे. सकाळपासून हे लिहायला बसते आणि उठते. मध्ये भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, आबाजींची धुतलेली धोतरं परत धुतली. त्यांनी विचारलंही, आज पाहुणे येणार आहेत का.

हॉर्न पोचला. तुमच्या निळ्या पंचात गुंडाळलेला, वर सुतळी. चिठ्ठी नव्हती, ती असेल असं मला वाटलंही नव्हतं. एवढासा डबा, तळहातावर मावेल. मला तो केवढा तरी मोठा वाटत होता. आल्या आल्या तांदळाच्या पिंपात खाली खुपसून ठेवला आणि कितीतरी दिवस पिंपाकडे फिरकले नाही. भाताऐवजी घरात रोज भाकरी. शेवटी झाकीरभाईच कर्जतला आले होते ते वाट वाकडी करून घरी आले. गोठ्यात एका जुन्या बॅटरीला त्यांनी तो जोडून दिला, वर दारावरच्या बेलचं बटण बसवलं. चहा घेताना म्हणाले, "भाभी, आप को तकलीफ होगी." मी म्हटलं, तकलीफ म्हशीला आहे.

घरात मी आधीच सांगून टाकलं होतं. आबाजी काठी घेऊन गणपतीच्या देवळात जाऊन बसले. दादा अंगणात पाठ करून उभे राहिले. मी बटण दाबलं. मथुरा पान्हवली. भावोजी, एका बटणासरशी. मी धार काढली, दूध गाळलं, डेअरीला पाठवलं.

तेव्हापासून रोज तेच. फक्त मी त्यात एक लबाडी केली. पेंडीच्या आंबोणाच्या घमेल्यावर आधी पळी वाजवायची, टणटण, आणि लगेच बटण. म्हणजे मथुरेने पळीचा आवाजही ओळखीचा करून घ्यावा. घेतला तिने. आता नुसती पळी वाजवली तरी पान्हा सोडते. पेंढ्याच्या पारडीला फसली नाही, पण पळीला फसली. फसली तरी कसं म्हणू, पळीमागून आंबोण खरंच येतं.

आणि माणसांचं ऐका. परवा वालाच्या शेंगा खुडत बसले आणि मला उशीर झाला. ओट्यावरून आबाजींचा आवाज आला, "शकू, भोंगा दे गं. म्हस खोळंबलीय." अगदी सहज, दिवा लाव म्हणावं तसं. कान दाबून बसले होते ते हेच आबाजी. दादाही आता अंगणात उभे राहत नाहीत, हॉर्न वाजतो आणि ते मोबाईलवर भाव बघत असतात. आपल्या घरात त्या आवाजाचा अर्थ दूध होऊन गेला. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला संताप आला, आणि कुणाचा ते कळेना. दूध तर मलाच हवं होतं.

दादांनी विचारलं होतं, तुला काही वाटत नाही का. त्यांना उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देते.

रियाला माती दिल्यावर मी चौकला गेले. तुम्ही घर सोडल्याचं मला तिथेच कळलं. माझ्या भावाचं, सुनीलचं घर तुम्ही पाहिलं आहे, गॅरेजांच्या रांगेत. दिवसभर टेंपो मागे येतात आणि दिवसभर तोच हॉर्न. सुरुवातीला तो वाजला की हातातलं टाकून मी रस्त्यावर धावायची. एकदा तापलेली कढई उलटली, भावजयीच्या, सुनिताच्या पायावर तेल उडालं. मग ती दाराला कडी घालून मला धरून बसायची. मी आतून त्या ड्रायव्हरांना शिव्या द्यायची. तुम्हालाही दिल्या, नाव घेऊन दिल्या. ते लपवत नाही.

पुढे धावणं थांबलं, नुसती छाती धडधडायची. मग तेही कमी झालं. आणि एका दुपारी सुनिता माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, आता टेंपो आलता मागं. तुमी ऐकला नाय?"

मी तांदूळ निवडत होते. मी ऐकलाच नव्हता.

त्या दुपारी मी जेवढी रडले तेवढी माती देतानाही रडले नव्हते. सगळ्यांना वाटलं, जुनंच रडणं आहे. मग म्हणाले, आता सावरली, आता सासरी जाऊ दे. सावरली कसली. तो आवाज वाईट होता, पण माझा होता. रियाचं शेवटचं त्यात होतं. गॅरेजवाल्यांनी रोज वाजवून वाजवून त्याची पार टाकी गेलेल्या पाट्यासारखी गत केली. वाटायला घ्यावं तर काही वाटलं जात नाही.

इकडे आले तर अंगणात हुकूम, आवाज नाहीच. मला ती शांतताही सोसेना. घरातल्या घरात येरझारा घालायची. दादा म्हणायचे, तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे का. लाद्यांचा टेंपो आला त्या दिवशी आबाजींचं झालं, दादांचं झालं, आणि मी बादली लावली. तेव्हा मी घाबरले. म्हटलं, संपलं का माझं? आई म्हणून संपले का मी?

म्हणून हॉर्न मागवला. म्हैस हे निमित्त होतं. आपल्याच टेंपोचा हॉर्न, आपलंच अंगण, त्याने तरी आत काही हलतं का, ते मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा काही हलत नव्हतं. मथुरा पान्हवत होती आणि मी दगडासारखी उभी. मग मला कळलं की माझा एक कान गोठ्याच्या दाराकडे लागला आहे. मी कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते धार काढायला बसल्यावर उमगलं. चपलांची. तुम्ही कर्जतच्या बाजारातून रियाला आणल्या होत्या त्या, पाऊल टाकलं की चूंचूं वाजणाऱ्या. हॉर्न वाजला की मागून ते चूंचूं यायचंच. खात असेल तर ताट सोडून, अंघोळ घालत असेन तर तशी ओलीच माझ्या हातून निसटून, "आला माझा दशकाका" करत पळायची. चौकच्या हॉर्नांमागे ते नसायचं, आपल्या हॉर्नामागे होतं. माझ्या कानाला अजून ते माहीत आहे. कपाळ मथुरेच्या अंगाला टेकून मी खूप रडले आणि ती हलली नाही. दादांना सांगा, वाटतं मला. तुम्हीच सांगा.

रोज बटण दाबलं की कान मागे लागतो आणि रोज काही येत नाही. हे किती दिवस चालणार? चौकला काय झालं ते मी पाहिलं आहे. थोड्या दिवसांनी कान लागायचाही बंद होईल. उरेल ती पेंड आणि दूध. म्हणून काल वायर काढली. मथुरेला पळी पुरे आहे. आबाजींनी विचारलं, भोंगा बिघडला का. मी हो म्हटलं.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी सकाळपासून उठबस चालली आहे.

तेव्हा जो तो म्हणाला, हॉर्न वाजत असताना मूल गाडीमागे गेलंच कसं. आत जाऊन बायका वेगळं बोलल्या, बाहेर पुरुष वेगळं. तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात आणि एक दिवस उठून गेलात. भावोजी, बाकी जगात तो आवाज बाजूला सरा म्हणून असतो. आपल्या अंगणात तो कधी तसा होता? म्हशीला पेंड, आबाजींना तंबाखूची पुडी, दादांना गप्पांची सोबत, मला बाजारातली खबरबात, आणि तिला बिस्किटाचा पुडा आणि तुमच्या मांडीवर बसून स्टेअरिंग. आपल्या घरात त्या आवाजाला कधी कुणी मागे सरलं नाही. सगळे पुढे यायचे, जनावरसुद्धा. कुणी ठरवून शिकवलं नाही, तुम्ही नाही की मी नाही. सुखाची गोष्ट होती, ती अशीच शिकली जाते.

ती चुकून गाडीमागे गेली नाही. ती तुमच्याकडे येत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. तुम्ही आरशात बघत होतात, मान बाहेर काढूनही बघितलंत. ती गोठ्याच्या कोपऱ्यावरून आली, जिथून तुम्हाला दिसलीच नसती. मी हाक मारेपर्यंत झालं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. बोलले असते तर रागवायला मला कुणी उरलं नसतं, आणि तेव्हा मला कुणीतरी हवं होतं. आता मात्र काल रात्री दादांना सांगितलं, आबाजींच्या समोरच. आबाजी उठून आत गेले. बराच वेळ त्यांचा खोकला ऐकू येत होता.  सकाळी बघते तर दादा कोयता घेऊन गल्लीच्या कडेची करवंदीची जाळी तोडत होते. दुपारपर्यंत वाट चांगली हातभर रुंद झाली. तुम्हाला तुमचे दादा माहीत आहेत.

हॉर्न झाकीरभाईंबरोबर परत पाठवते आहे, तुमच्याच पंचात. टेंपोला बसवून घ्या. येत्या रविवारी पोपटी लावायची आहे, वालाच्या शेंगा भरल्या आहेत, त्या भाजायला मडकं आणि भांबुर्ड्याचा पाला दादा आणणार आहेत. संध्याकाळी, धारेच्या वेळेला या. येताना पेंडीची पोती आणा, दादांची मान दुखते. रस्त्यावर गाडी लावून, चोरासारखे पायी आत येऊ नका. हॉर्न बंद ठेवून तर मुळीच येऊ नका. मला तो माझ्या कानात काही उरलं आहे तोवर ऐकायचा आहे, आणि त्याच्या मागून कुणीतरी खरंच आलेलं बघायचं आहे.

भीती वाटेल. वाटू दे. मलाही वाटणार आहे. पण उलटे आत या, नेहमीसारखे. त्या दिवशी गाडीमागे सांगायला कुणी उभं नव्हतं. या वेळी अंगणाच्या मधोमध मी उभी राहीन, आरशात दिसेन अशी, आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणेन. मी पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

आता आशीर्वाद. अनेक, मनापासून.

रियाची आई